कृत्तिकांआधीचा दिवा

जाफना

प्रिय ताहिर,

प्रथम तक्रार. तुझ्या प्रत्येक पत्राला पुत्तलमच्या सुक्या मासळीचा वास असतो. तू पत्रं लिहितोस की वाळवतोस, कळत नाही. मी ते वाचून खिशात ठेवतो, संध्याकाळी शिवपूजेला बसतो, आणि गल्लीतला बोका समोर येऊन माझ्याकडे अशा भक्तिभावानं बघतो की नंदीनं लाजावं. मत्स्यगंधी पत्राचं प्रायश्चित्त कुठल्या स्मृतीत सांगितलंय ते शोधतोय. सापडेपर्यंत लिहीत राहा.

आता तुझ्या इथल्या घराची हकीकत. छप्पर उभं आहे. तोफगोळ्यानं उडालेला कोपरा, आता तिथं राहते त्या पूरणमनं, ताडाच्या झापांनी शाकारला. तुझ्या आईचा, उम्माचा, पाटा मागच्या पडवीत होता तिथंच आहे. तुमच्या सगळ्या मोहल्ल्याला चळवळीच्या पोरांनी बंदुका रोखून दुपारच्या आत हाकलून दिलं, आणि त्याच पोरांनी पुढं या पूरणमला तुझ्या घरात आणून बसवलं. तिचा थोरला त्यांच्याकडून लढताना मेला होता. हुतात्म्याच्या आईला घर द्यायचं, तर ते तुझं द्यावं, असा त्यांचा न्याय. तिचं स्वतःचं घर लष्कराच्या तारेआड गेलंय. तिथं आता सैनिकांचा भात शिजतो. परवा मला म्हणाली, “मास्तर, दर वाटणाला त्या बाईची माफी मागते मी. म्हणते, अक्का, रागावू नकोस, मिरच्या वाटायला मला दुसरा दगड नाही.” मी म्हटलं, “उम्माला तिखट सोसायचं नाही, हात जरा आखडता घे.” ती हसली. यालिनी, तिची धाकटी, आत मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती. तीही हसली असावी, कारण मशीन क्षणभर थांबलं.

घर परत मागणारा तुझा अर्ज पोचला. चौकशीचे साहेब दक्षिणेकडचे सिंहली, सज्जन गृहस्थ. तमिळ शब्द खडीसाखरेसारखा तोंडात घोळवतात. कायदा म्हणतो, दहा वर्षं बिनतक्रार ताबा असला की घर ताबेदाराचं. तू तक्रार करणार होतास कुणाकडे, हे कायद्याला विचारायची सोय नाही. म्हणून तुझ्या वकिलानं अर्जात ते वाक्य घातलं: अर्जदार राज्याशी एकनिष्ठ आहे, ताबेदार चळवळीच्या घरातली आहे. वाक्य तुझं नव्हे, मी ओळखतो. तुझ्या वाक्याला वास असतो.

पण त्या वाक्यापायी साहेबांनी गस्तवाल्यांना विचारलं, आणि गस्तवाल्यांना तुझ्या विहिरीच्या काठावरचा एक दिवा आठवला.

पोरं युद्ध हरल्यापासून त्यांच्या मृतांचा दिवस पाळायला बंदी आहे, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून इथल्या आया कृत्तिकादीपाची वाट बघतात. त्या संध्याकाळी घरोघर दिवे असतात, त्यांत मेलेल्या पोराचा एक खपून जातो. पूरणमही तेच करत आली. यंदा तो बंदीचा दिवस आधी आला, सण चार दिवसांनी, आणि तिला धीर निघाला नाही. थडगं तर लष्करानं नांगरून टाकलंय, जाणार कुठं? मी रागावलो, तर म्हणाली, “चार दिवस, मास्तर? त्याला भूक लागली की भात निवेपर्यंत दम नसायचा.”

साहेबांनी मला बोलावलं. “मास्तर, तुम्ही पंचांग जाणता. त्या संध्याकाळी तुमचा दिव्यांचा सण होता ना?” बिचाऱ्यांना ‘हो’ हवं होतं, असं मला वाटलं. आपल्याकडे पंचांगं दोन, आणि त्यांच्यात एका दिवसाचं वैर. तेवढ्या भांडणात मी हत्तीसुद्धा लपवला असता. चार दिवस कुठं लपवू? साहेबांच्या भिंतीवर आमच्याच देवळाचं पंचांग टांगलंय, आणि दुभाष्या माझा विद्यार्थी. त्याला तिथी काढायला मीच शिकवली. मी म्हटलं, “दोन्ही पंचांगं चाळून सांगतो.” ते म्हणाले, “चाळा. पुढच्या सोमवारी शपथेवर सांगा.”

दिवा म्हातारीनं लावला, पण नेतील यालिनीला. म्हाताऱ्यांना कुणी नेत नाही. मागच्या गल्लीतली एक मुलगी गस्तवाल्यांनी अशीच दोन प्रश्न विचारायला म्हणून नेली. तिची आई अजून फाटकाशी बसलेली असते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सोडत.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र कांद्याच्या लॉरीवाल्याकडे देतोय. आता पत्राचं कारण. साहेब उठताउठता म्हणाले, अर्जदारानं ते वाक्य मागं घेतलं, तर मला दिव्याशी काही कर्तव्य नाही. ताहिर, ते मागं घे. घेतलंस तर घर पूरणमचं होईल. हे मी गोड करून सांगत नाही. वीस वर्षं निर्वासितांच्या छावणीतल्या झोपडीत काढलेल्या माणसाकडे मी त्याच्या आईचं घर मागतोय, आणि तेही जिच्या मुलाच्या सोबत्यांनी उम्माच्या कानांतले डूल ओरबाडले, तिच्यासाठी. याला आधार देणारा एखादा श्लोक शोधला. नाही सापडला. शपथेची मला एवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती याची, की तू नाही म्हणशील, आणि तुझं बरोबर असेल.

कुंपणापलीकडचा, तुझाच,
अंबलवाणन