हळदीच्या गाण्याचं प्रोसेसिंग

३ नोव्हेंबर, सोमवार
कलावंतांवर आजवर पुष्कळ अन्याय झाले, पण भिंतीपलीकडे कापड विणणारा पॉवरलूम कुणाच्या नव्हता. दिवसभर खटखट. तरी रियाज करणार. लेकीची, स्नेहाची, हळद २७ला. मांडवात माझं गाणं वाजणार. कोन गावच्या धोंडूबाईंनी तीस वर्षांपूर्वी कॅसेटवर म्हटलेलं हळदीचं गाणं. त्याची डीजेवाली, बँजोवाली, जिमवाली, सगळी कव्हर व्हर्जन निघाली. पण मूळ गाणं म्हणजे ग्रे कापड, लूमवरून उतरलेलं, धुलाई-रंगाई न झालेलं. प्रोसेसिंग करणारा चांगला लागतो. तो मी.

५ नोव्हेंबर
मैना (बायको) म्हणते, कव्हर कशाला, खुद्द धोंडूबाई हायेत ना. स्नेहालाही त्याच हव्यात. समजावलं, मूळ गायिका शेजारी असली की तुलना होते. या वयात म्हातारीला कशाला त्रास.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी १०
लूमला शुक्रवारची सुट्टी. शांतता. मेहुणा कल्पेश काल्हेरहून माइक घेऊन आला. आज इतिहास.

दुपारी १
विचित्र प्रकार. चार दिवस खटखटीवर ताल धरला होता. खटखट बंद, तर ताल सापडेना. कल्पेश म्हणाला, दाजी, तुम्ही पोचलात, गाणं अजून नाक्यावरच हाय. कल्पेशला संगीतातलं कळत नाही.

८ नोव्हेंबर
लूम चालू असताना रेकॉर्ड केलं. एका टेकमध्ये ओके. मागे थोडी खटखट येते. फील म्हणतात त्याला.

१२ नोव्हेंबर
स्नेहा परस्पर कोनला जाऊन आली. धोंडूबाई म्हणाल्या, गाईन गो, पन तुझे बापाचे लग्नान रातभर गायले, त्याचा लुगडा बाकी हाय. उद्या देतो बोललेला. गाणारनीचा लुगडा बाकी ठेवला, त्या मांडवान मी पाय ठेवीत न्हाय.
उद्याला सव्वीस वर्षं झाली म्हणे. पण तो विभाग आईकडे होता. मी नवरदेव होतो. नवरदेवाला कोण विचारतं?
स्नेहा रात्री जेवली नाही. डाएट असेल.

१९ नोव्हेंबर
बाजारात गेलो होतो. लुगडं घेतलं, हिरवं. धोंडूबाईंसाठी नाही. घरात एखादं असावं. स्कूटरच्या डिकीत ठेवलं.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
गाणं लावलं. पहिल्याच कडव्याला आक्का, माझी थोरली बहीण, मांडववाल्याला म्हणाली, आधी तो जनरेटर बंद कर, गाणं ऐकू येत न्हाय. तो म्हणाला, जनरेटर आणलेलाच न्हाय. मग कल्पेशने गाणं बंद केलं. खटखट थांबली.
स्नेहा पाटावर. गालाला हळद, नजर मांडवाच्या तोंडाशी. मला म्हणाली, छान होतं पप्पा.
बर्फ आणायला निघालोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
लूम बंद. घरभर हळद.
धोंडूबाई काल गायल्या. आवाज फाटलेला, ताल शाबूत. स्नेहा रडली, हसली, पुन्हा रडली. मीही सूर लावणार होतो. त्या म्हणाल्या, तू टाली वाजव. वाजवली. दोनदा चुकली.
त्याआधी कोनला त्यांच्या ओटीवर लुगडं ठेवलं. आईचं नाव पुढे करणार होतो. नाही केलं. म्हटलं, उशीर झाला. त्यांनी काठ चाचपून पाहिला. म्हणाल्या, हिरवाच बोललेला व्हतास. आणि आत जाऊन तेच नेसून आल्या. स्कूटरवर मागे बसल्या.
मैनेने लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, बर्फ?
म्हटलं, मिळाला नाही.