किसिवानीच्या समुद्रफुलाची पडताळणी

प्रति,
मा. सागरी संवर्धन अधिकारी,
किनारा कार्यालय, पेम्बा बेट.

विषय: किसिवानीच्या खडकावरील समुद्रफुलाची यापुढे पडताळणी न करण्याबाबत.
संदर्भ: आपले दि. २ एप्रिलचे पत्र.

माननीय साहेब,

मी किसिवानी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मोठ्या ओहोटीला मुलांना खडकावर नेऊन समुद्र शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात पाणी तापले. आमचे प्रवाळ आधी पांढरे पडले, मग मेले. एका डबक्यात एकच समुद्रफूल (नावाला फूल, पण प्राणीच) उरले आणि त्यात राहणारी नारिंगी माशांची जोडी.

१. तिथे होड्यांचे नांगर पडू नयेत, असा अर्ज मी केला. संरक्षण फक्त जिवंत वस्तूस मिळते, म्हणून आपले कारकून श्री. मकामे पडताळणीस आले. त्यांनी ऑक्टोपस टोचायचा लोखंडी गज फुलात खुपसला. फूल मिटले. त्यांनी नोंद केली, "हालचाल नाही."

२. गप्प उभे राहून शंभर मोजले की ते पुन्हा उघडते, हे पहिलीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. मी तसे सांगितले. "शंभर मोजेपर्यंत भरती माझ्या कमरेला लागेल, म्हातारबा," असे ते म्हणाले. मी फेरपडताळणी मागितली. तीही गजानेच झाली. याप्रमाणे माझे सहा अर्ज झाले. सहाव्या खेपेनंतर मुलांनी हजारापर्यंत मोजले. फूल उघडले नाही. मासे दोन दिवस त्या जागी घुटमळले, तिसऱ्या दिवशी मोठ्या हेकरू माशाने गिळले.

३. आता आपण कळवता की, खडक निर्जीव ठरल्याने चुनाभट्टीसाठी फोडण्यास दिला आहे. त्याच खडकावर दुसरे जिवंत फूल असल्यास पंधरा दिवसांत जागा दाखवावी, पडताळणीनंतर फोडणे थांबवता येईल.

४. असे फूल मुलांना सापडले आहे. जागा मला माहीत नाही. विचारले तेव्हा तिसरीतली रिझिकी म्हणाली, "तुम्हाला नाही दाखवणार, गुरुजी. तुम्ही लगेच अर्ज लिहाल." बाकीची मुले हसली.

तरी मुलांच्या शब्दावर, कोणासही न पाठवता, फोडणे थांबवावे, ही विनंती. ते नियमात बसत नसल्यास घण पडण्यापूर्वी मुलांना एक ओहोटी मोकळी द्यावी. त्यांना फुलाचा निरोप घ्यायचा आहे. मी सोबत असणार नाही. त्यांनी मला बोलावलेले नाही.

आपल्या कार्यालयाचा जुना अर्जदार,
शामे कोम्बो फाकी
किसिवानी, दि. ९ एप्रिल

सोबत: सहा पडताळणी अहवालांच्या प्रती. जागेचा नकाशा जोडलेला नाही.