'कदाचित' वगळून

२ मार्च
दिंडोरी तालुक्यातल्या गोठेवाल्यांनो! जनावराची गोचीड आपल्याला चावते, ताप चढतो, नाकातोंडातून रक्त येतं, माणूस जातो. आणि आपल्यासाठी आजवर एक लस नाही!
रोजनिशीतही मी असाच सुरू होतो. वाचन दांडगं, त्याचा परिणाम.
लस आता चाचणीला आली आहे. लोक तयार करायला चाचणी घेणाऱ्या डॉ. योगिनींनी मला बोलावलं. योग्य निवड.

५ मार्च
मॅडमनी समजावलं. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं, त्यांनाही ठाऊक नसणार. लस चालते का, हेच तपासायचंय. म्हणून भाषणात 'कदाचित' हवाच, आणि हातमोजे चालू ठेवा हेही. मी म्हटलं, मॅडम, 'कदाचित'ला कोण टाळी देतं? त्या म्हणाल्या, सर, टाळी नको, संमती हवी. हुशार आहे, पण सभा पाहिलेली नाही.

९ मार्च
सभा जिंकली. 'कदाचित' म्हटलं, घोषणा चालू असताना. शेवट: दंड पुढे करा, गोचीड मागे हटेल! कडकडाट. म्हशीवाला भिकन पहिला उठला. म्हणाला, "सर बोलले ना, मंग आता कशाचं भ्याव!"
मीही सुई घेणार होतो. बीपीमुळे बाद. बीपी आहे हे मीच सांगितलं.

२१ मार्च
भिकनच्या गोठ्यावर. सुई घेऊन आठवडा झाला. भिकन उघड्या हाताने म्हशीच्या कानातल्या गोचिडी उपटून नखावर चिरडत होता. त्याची बायको सुलाबाई ओरडली, "अवो, मोजे काय मेल्यावर घालनार?" तो म्हणाला, "सुई घेतलीय. इचार सरांना!" सगळे हसले. मीही.
सांगणार होतो. पण चारचौघांत त्याचा पाणउतारा कशाला? पुढच्या सभेत हातमोज्यांवर दोन मिनिटं. नक्की.

२६ मार्च
भिकनला ताप. उन्हाचा असणार.

२९ मार्च
हिरड्यांतून रक्त. नाशिकला हलवला. मॅडमनी विचारलं, सभेत नेमकं काय सांगितलंत? 'कदाचित' म्हटलं होतं. म्हटलंच होतं.

२ एप्रिल
भिकन गेला. लस होती की पाणी, मला कुणी सांगणार नाही. पाणीच असणार. मग भाषणाचा काय दोष?

४ एप्रिल
श्रद्धांजली तयार करून गेलो. चांगली उतरली होती. उभा राहिलो, तर सुलाबाई म्हणाली, "सर, आज काय बोलू नका." बसलो.
पेठहून आलेला भिकनचा मेहुणा शेजारी होता. त्याने मोबाईलवर माझंच भाषण दाखवलं. "तुमची क्लिप आमच्याकडं लय फिरती, सर. सुई येनारच हाय म्हनून लोकांनी मोजे आत्ताच फेकले."

रात्री
व्हॉट्सॲप ग्रुपसाठी मजकूर लिहितोय. प्रत्येक मसुद्यात 'पण' येतो. 'गैरसमज' येतो. खोडले. उरलं ते:
लोकहो, माझी ती क्लिप डिलीट करा.