बाईसाहेबांच्या बाजूचा काळा रंग

कोम वॉडली, सॉमरसेट
१८ फेब्रुवारी १७९२

थोरले बंधू अमोस यांस,

धाकट्या जेबेझचा आदरपूर्वक नमस्कार. देवाच्या कृपेनं इथं सगळे बरे आहोत, माझा डावा गुडघा सोडून. वहिनींचा खोकला उतरला का? ब्रिस्टलच्या धुरात तो मुळापासून जाणार नाही, पण मी रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो आहे (वहिनींना सांगा, तुमच्या नावाच्या आधी घेतो).

आमचे लॉर्ड हेस्टर्ली जमैकात तापानं गेले. तिथल्या आपल्या ऊसमळ्यांवर ते वर्षातले सहा महिने असत. बातमी यायला तीन महिने लागले, म्हणजे आम्ही नाताळात ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केली ते तेव्हा मातीत होते. देवानं ती प्रार्थना कुणाच्या तरी कामी लावली असेल. त्या मळ्यांवर चारशे गुलाम राबतात. त्यांच्यासाठी आमच्या चर्चमध्ये कधी प्रार्थना झाली नाही, आणि गावाच्या वतीनं दर रविवारी 'आमेन' म्हणणारा कारकून मीच असल्यामुळे त्यात माझाही वाटा आहे.

बातमी आली त्याच दिवशी लेडी थिओडोशांनी, म्हणजे आमच्या बाईसाहेबांनी, शोकफलक दारावर लावायचं फर्मान काढलं. नेहमीचा रंगारी अंथरुणाला खिळलेला. मग कुणाला तरी आठवलं की चर्चच्या भिंतीवरच्या दहा आज्ञा जेबेझनं रंगवल्या आहेत. तुम्ही जन्मभर सरदारांच्या गाड्यांवर कुलचिन्हं रंगवलीत, तुम्हाला काय सांगायचं? पण मला पहिल्यांदाच समजून घ्यावं लागलं: पाटी कोपऱ्यावर उभी करायची, मधे ढाल, ढालीच्या अर्ध्यात नवऱ्याचं कूळ, अर्ध्यात बायकोचं. ढालीमागची जागा, जो मेला त्याच्या बाजूची काळी, जो मागे उरला त्याच्या बाजूची पांढरी. पाद्रीबुवांनी चिठ्ठी दिली, 'उजवी बाजू काळी.' मी उजवी बाजू काळी केली. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे, हे चिठ्ठीत नव्हतं. सोमवारी सकाळी फलक दारावर चढला आणि त्यानुसार लॉर्डसाहेब जिवंत होऊन बाईसाहेब निवर्तल्या.

अक्षरओळख नसलेला माणूससुद्धा हा फलक वाचतो, हे आमचं दुर्दैव. जमैकाची बातमी कानावर आली होती, पण बातमीपेक्षा फलकावर गावाचा विश्वास जास्त. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सायलसनं रस्त्यावरून तो पाहिला आणि कुणाला न विचारता मंगळवारी घंटा धरली: बाईमाणसाचे सहा टोले, मग वयाचे. बाईसाहेब विधवा, खिडक्या बंद, बाहेर पाऊल नाही. त्या आत बसून मोजत होत्या.

"अठ्ठावन्न," त्या घर सांभाळणाऱ्या मिसेस पर्किटना म्हणाल्या. "माझ्याच वयाची. कोण गं बिचारी? घरी थोडं मटण पाठव."

मिसेस पर्किटना तोवर सगळं कळलं होतं. (मटण कुठं पाठवायचं ते न कळल्यामुळे त्यांनी ते खाल्लं.) बुधवारी शेजारच्या सरदारीणबाई काळ्या कपड्यांत अंत्यदर्शनाला आल्या. पाहतात तर बाईसाहेब अंडं खात होत्या. सरदारीणबाई जिथं उभ्या होत्या तिथंच कोसळल्या.

गुरुवारी मला बोलावणं आलं. टोपी हातात घेऊन दिवाणखान्यात उभा राहिलो.

"जेबेझ, मी कधी मेले तेवढं तरी सांग."

"सोमवारी, बाईसाहेब. नऊच्या सुमारास."

"त्रास झाला का मला?"

"मी शिडीवर होतो, बाईसाहेब. मला काही ऐकू आलं नाही."

त्या हसल्या असत्या असं मला वाटतं, पण तेवढ्यात दार उघडलं आणि मिस ड्रुसिला आत आली. आठवतं ना तुम्हाला? बाईसाहेबांची एकुलती मुलगी. एकोणिसाव्या वर्षी पाहुण्यांसमोर साखरेचं भांडं बापाकडे सरकवून म्हणाली होती, 'हे मी खाणार नाही, हे कसं पिकतं ते मला कळलंय.' पुढं तिनं लग्न केलं ते गुलामांच्या जहाजावरची नोकरी सोडून आलेल्या एका वैद्याशी. लॉर्डसाहेबांनी बाईसाहेबांकडून बायबलवर हात ठेवून वदवून घेतलं: 'मी, थिओडोशा, जिवंत आहे तोवर ड्रुसिला या घराचा उंबरा ओलांडणार नाही.' सहा वर्षं नाही ओलांडला. आता सामानाच्या गाडीतून टॉन्टनहून आली होती, आठवा महिना, चिखलानं माखलेली, आईला पोहोचवायला.



"मी मेले म्हणून आलीस?" बाईसाहेब म्हणाल्या.

"हो."

"आणि जिवंत असताना?"

"तीन पत्रं लिहिली, आई."

"ती त्यांनी जाळली. चौथं का नाही लिहिलंस?"

बाईसाहेब उठल्या, पुन्हा बसल्या. शपथ मोडणाऱ्या त्या नव्हेत. मी खाली गालिच्याकडे पाहत प्रार्थना करत होतो, आणि काय मागावं ते मला कळत नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, फलक अजून दारावर आहे ना? मी म्हटलं, आता उतरवतो.

"कशाला? गावाच्या, चर्चच्या आणि सरदारीणबाईंच्या मते मी सोमवारीच गेले. शपथ जिवंत बाईची होती." मग मुलीकडे वळून, "एवढं पोट घेऊन उभी काय राहिलीस? बस. चहा घे. साखर तुझी तू घेऊ नकोस, मी माझी सोडणार नाही."

तिनं चहा घेतला. बाईसाहेबांनी तिचा कप दोनदा भरला.

इथं सगळं क्षेम आहे. मुलांना माझे आशीर्वाद सांगावेत.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
जेबेझ कॉट्रेल

ता. क. — फलक दुरुस्त करायला सोन्याचा वर्ख लागेल, तो तुमच्याकडूनच मागवावा असं बाईसाहेबांचं म्हणणं आहे. 'तुझा भाऊ फार घाईचा माणूस नाही ना?' असं त्यांनी दोनदा विचारलं. मूल मार्चअखेर होईल. एकदा नातवाला मांडीवर घेतलं की मग जिवंत व्हायला त्यांची हरकत नाही, असं मिसेस पर्किट म्हणतात. तेव्हा दादा, वर्ख ईस्टरच्या आधी पाठवू नका.

दुसरा ता. क. — वर लिहिलं ते सगळं खरं आहे, एक सोडून. चूक मला शनिवारीच कळली होती. रंग ओला होता, फडक्यानं पुसला असता तर निघाला असता. शपथेची गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती, मलाही होती. मी कुंचला धुतला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो. आता उद्या रविवार. सबंध गावाच्या वतीनं 'आमेन' म्हणायला माझं तोंड लायक आहे का, तेवढं कळवा. हे उत्तर मात्र पहिल्या टपालानं पाठवा.