मोहाखालची शाळा

चांदा, ४ एप्रिल १९५७, संध्याकाळ

मडावी गुरुजींच्या नावापुढचा शेरा अजून कोराच आहे. सकाळी प्राचार्यांना द्यायचा.

पुढे मुख्याध्यापक होणाऱ्या शिक्षकांना मी इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शाळा-प्रशासन शिकवतो. आज वर्गात विचारलं, मोहाच्या दिवसांत पोरं फुलं वेचायला जंगलात गेली, शाळा ओस पडली, तर काय कराल? सगळ्यांनी माझीच टिपणं म्हणून दाखवली. पालकांना नोटीस, मग दंड. मडावी गडचिरोलीकडच्या जंगलातले, माझ्याहून वयाने मोठे. ते उठून म्हणाले, "मी शाळाच मोहाखाली नेतो, सर. वेचणं झालं का तिथीच पाढे."

मागच्या बाकावर प्राचार्य बसलेले, आणि माझी नोकरी अजून कायम नाही. मी विचारलं, "हे कोणत्या नियमात बसतं?" वर्ग हसला. मडावी खाली बसले.

"याला शाळा देता येणार नाही, तसाच शेरा लिहा," प्राचार्य जाताना म्हणाले.

'अपात्र.' एकच शब्द. दोनदा टाक बुडवला, दोनदा वाळला.

वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात मडावींनी हळूच विचारलं होतं, "सर, तुमी कुठी शाळा चालवली काय?" रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला.

एक दिवसही नाही. पण मी "तास आहे" म्हणालो आणि निघून आलो.

तास नव्हता.