वंदनाच्या मशीनवर

कर्णिकसाहेब यांना आसिफाचा सलाम.

तुमच्या मुंबईच्या फंडानं भोकरदनची आमची बियाण्याची कंपनी घेतली आणि कायदा केला, जिची पॅकिंग मशीन तिनंच चालवायची. ईदला वंदना माझ्या मशीनवर बसली, म्हणून दोघींना नोटीस. माफीनामा अजून मागून राह्यले.

साहेब, जुन्या मालकापासून आमचं असंच चालतं. ईदला वंदनासारख्या हिंदू बाया आमचं काम ओढतात, पोळ्याला-दिवाळीला आम्ही मुसलमान बाया त्यांचं. सणापायी कंपनी कधी बंद पडली न्हाई.

यंदा पोळ्याला तुमचा कायदा बराबर पाळला. वंदना घरी बैलांना पुरणपोळी चारत होती, मी माझ्याच मशीनवर होते. अर्धं पॅकिंग ठप्प झालं, हरभऱ्याच्या बियाण्याला आलेल्या गाड्या रिकाम्या परत गेल्या. मंग तुम्हीच फोनवर विचारलं, "लोक कुठं गेले?" आम्ही जागेवरच होतो. तुम्ही हलू दिलं न्हाई.

माफीनामा मिळणार न्हाई. हे पत्रबी धाडत न्हाई. दिवाळीला तुम्ही स्वतः आलात तर दिसेलच, वंदनाच्या मशीनवर मी बसलेली असेन. हजेरी कोणाची लावायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

दिवाळीपुरती वंदना,
एरवी आसिफा