दीड फुटाने उंच झालेला टप

प्रिय थेरॉन,

तुझी बस शेडबाहेर निघाली आहे. घरामागच्या झाडांखाली ती उभी आहे, टपाला पोचा आला आहे तो पुढच्या काठाला, बाकी सर्व शाबूत. ही बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचशील. एप्रिलपासून मी तुला लिहायला बसते आणि उठते. फोनवर माझे काय होते ते तुला ठाऊक आहे. पलीकडचा माणूस गप्प झाला की मी घाबरून भलतेच काहीतरी बोलून मोकळी होते. कागदावर निदान थांबता तरी येते.

शाळेच्या लिलावातून तू ती पिवळी बस आणलीस, त्या दिवसाची मला वारंवार आठवण येते. मक्याची कापणी संपत आली होती आणि बाबा अंगणात हात पुसत उभे होते. तू दारातून आत शिरलास आणि मान वाकवून मधल्या वाटेने शेवटच्या खिडकीपर्यंत गेलास. बाबा म्हणाले, "हा माणूस आहे की विजेचा खांब? आणि हा खांब या डब्यात राहणार कसा गं?" पवनचक्क्या दुरुस्त करत या राज्यातून त्या राज्यात जाणाऱ्या माणसाला घरही चालते-फिरतेच हवे, हे मला पटले होते. पण त्या अरुंद वाटेतून तुला कमरेत वाकून परत येताना पाहिले, तेव्हा वाटले, घरात शिरताना ज्याला रोज असे लहान व्हावे लागेल, तो किती दिवस त्याला घर म्हणेल? ते मी बोलले नाही. बाबांनीच सांगितले, "टप उचलावा लागेल."

तू फूटभर म्हणत होतास. दीड फुटाचा आग्रह बाबांचा होता. "फूटभरानं डोकं वाचेल रे, पण टोपी घालून उभं राहता यायला नको? करायचंच तर नीट करू." तू विचारलेस, "एमिल, एवढी उंच झाल्यावर तुमच्या शेडच्या दारातून निघेल ना?" त्यावर ते हसले होते. "पोरा, चौदा फुटांचं दार आहे ते. चौकट मी माझ्या हातानं लावलीय. तुझी बस काय घेऊन बसलास!" चाळीस वर्षे आसपासच्या गावांची कापणीयंत्रे ज्यांनी सांधून दिली, त्यांच्या शब्दावर टेप कोण लावणार? तू लावला नाहीस, मीही लावला नाही.

टप उचलायच्या शनिवारी बस बाबांच्या शेडात उभी होती आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. खिडक्या निघाल्या होत्या, आतला पत्रा उतरवला होता, छिन्नीने उडवलेले रिवेट पायाखाली करकरत होते. टप पेलणाऱ्या लोखंडी फासळ्या कापण्याआधी बाबांनी आत लोखंडी दांड्यांच्या आडव्या-तिरप्या कैच्या जोडून घेतल्या, कारण फासळ्या तुटल्या की टप म्हणजे नुसते झाकण, कुठेही सरकेल. चार कोपऱ्यांत चार जॅक, प्रत्येक जॅकपाशी एक शेजारी, आणि बाबांनी आवाज दिल्याशिवाय कुणीही दांडा हलवायचा नाही. रूडी द्वोराचेकने अर्धा फेरा जास्त फिरवला आणि त्याच्या बाजूचा पत्रा कण्हला. "रूडी! बायकोनं हाक मारलीय का तुला? थांब तिथंच!" त्यावर रूडी म्हणाला, "बायकोच्या हाकेला मी एवढी घाई कधी केलीय, एमिल?" सगळे हसले. तेवढ्यात बसच्या भिंती आणि टप यांच्यामध्ये फट पडली आणि तिच्यातून उजेडाची एक पट्टी आत आली, ती हळूहळू रुंद होत गेली. बाबांनी कापलेल्या फासळ्यांत नवे तुकडे सांधले, आणि मग तू आत जाऊन उभा राहिलास, सरळ. रूडीच्या बायकोने कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, वाटले, आणि बाबा तुझ्याकडे पाहून मला म्हणाले, "बघ, केवढा आहे हा! मला वाटलं होतं, मुळातच वाकडा आहे." थेरॉन, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत जे होते, ते डाव टाकणाऱ्या माणसाचे नव्हते. तुला इतके सारे लिहिते आहे ते या एका वाक्यासाठी.

पुढचे तू पाहिले आहेस, पण तुझ्या जागेवरून पाहिले आहेस. एप्रिलमध्ये तू मला न्यायला आलास. ग्रंथालयातली नोकरी मी सोडली होती, माझ्या पुस्तकांची खोकी बसमध्ये चढली होती. तू स्टिअरिंगपाशी बसलास आणि बाबा दारात उभे राहून हाताने "ये, ये" करत होते. टपाचा काठ दाराच्या तुळईवर घासला, तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. तू चाकांतली हवा सोडून पाहिलीस. वीतभर तरीही कमीच पडत होते. मग तू टेप लावलास. दार अकरा फुटांचे निघाले. "चौदा म्हणाला होतात तुम्ही," एवढेच तू म्हणालास. बाबा त्या दाराकडे बघत राहिले, इतका वेळ की मला बसचे इंजिन थंड होताना टिकटिकत असलेले ऐकू आले. मग ते म्हणाले, "म्हणालो होतो. मुद्दाम म्हणालो. माझ्या पोरीला माळावर डब्यात राहायला न्यायची आणि मी हात हलवत निरोप द्यायचा? ने आता, ने बघू बस!"

तू त्यांना खवचट म्हातारा म्हणालास. त्यात तुझी चूक नव्हती; ते स्वतःच तसे म्हणवून घेत होते. मग तू माझ्याकडे वळून विचारलेस, "तुला माहीत होतं?" मी गप्प राहिले आणि माझ्या गप्प राहण्याचा तुला लागायचा तोच अर्थ लागला. मला काहीही माहीत नव्हते. मी बाबांच्या हाताकडे पाहत होते. बोलणे एवढे कडक, आणि हात मात्र दाराच्या खांबावर वर-खाली फिरत होता, अंधारात दिव्याचे बटण चाचपडावे तसा. बस तिथेच सोडून तू आपल्या गाडीने फाटकाबाहेर गेलास, तरी तो हात फिरतच होता.

आमचे एक जुने शेड होते. मी शाळेत असताना वादळाने ते उचलून नेले. झाडांच्या रांगेपलीकडे त्याची काँक्रीटची फरशी तेवढी उरली आहे. आपण तिच्यावर मोडके लोखंड टाकत असू. तू गेल्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्या फरशीवर बाबा दिसले. ते टेपची पट्टी हवेत उंच चढवत होते. ती वाकून कोसळत होती, आणि ते पुन्हा चढवत होते. मी धावत गेले. ते चिडून म्हणाले, "लिडिया, इथलं दार कुणी काढून नेलं गं? न विचारता?" त्या शेडचे दार चौदा फुटांचे होते. चौकट त्यांनीच लावली होती. थेरॉन, त्यांनी तुला खोटे माप सांगितले नव्हते. त्यांनी तुला खरे माप सांगितले, उडून गेलेल्या दाराचे.

माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचले कोण जाणे, पण ते भानावर आले. गंजलेल्या नांगरावर बसले आणि टेप खिशात घातला. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. म्हाताऱ्यानं डाव टाकला, असंच समजू दे त्याला. डाव टाकायला डोकं लागतं." एवढेच. त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

तेव्हापासूनचे दिवस कसे गेले ते कसे सांगू? ओमाहा शहरातल्या डॉक्टरांनी बाबांच्या विसरण्याबद्दल जे सांगितले ते मला आधीच कळले होते. हात अजून पक्के आहेत. वेल्डिंग करताना सांध्याची रेघ सुतासारखी सरळ उतरते. पण सकाळी ते दोन कपांत कॉफी ओततात, आई असताना ओतत तशी. दुसरा कप मी पिऊन टाकते, म्हणजे तो टेबलावर थंड होत राहत नाही. जूनमध्ये ते शेजारच्या गावच्या टपाल कचेरीसमोर गाडीत बसून राहिले, ती उघडण्याची वाट पाहत; ती कचेरी बंद होऊन कित्येक वर्षे झाली आहेत. गाडीच्या किल्ल्या आता माझ्या एप्रनच्या खिशात असतात. त्या मी घेतल्या, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. विरोध केला असता तर मला बरे वाटले असते.

तरी एका ठिकाणी ते अजून पूर्वीचे एमिल कुचेरा आहेत. धान्याच्या कोठ्यांजवळच्या खानावळीत तुझ्या बसची गोष्ट सर्वांना ठाऊक झाली आहे. ते आत शिरले की कुणीतरी ओरडते, "एमिल, माझाही जावई ठेव ना तुझ्या शेडात कोंडून!" बाबा टोपी मागे सारतात, म्हणतात, "आधी त्याची उंची सांग, मग दर ठरवू," आणि सारी खानावळ हसते. त्या वेळी त्यांचे खांदे रुंद होतात. गेल्या आठवड्यात रूडी आणि त्याच्या मुलांनी दारावरची तुळई कापून बस बाहेर काढली, तेव्हाही बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. "माझं शेड मोडताय ते मोडा, पण निदान सरळ तरी कापा रे!" रूडी म्हणाला, "एवढा लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही." त्यालाही खरे ठाऊक नाही. बाबा दिवसभर खुशीत होते.

माझी खोकी मी उतरवून घेतली आहेत. ग्रंथालयाने मला परत घेतले. सकाळी रूडीची बायको बाबांपाशी बसते. मी येणार नाही, थेरॉन. हे लिहायला किती दिवस लागले ते विचारू नकोस. तू इथे राहावेस असे मी म्हणणार नाही, कारण दोन हिवाळ्यांत तू मुकाट्याने मान वाकवायला शिकशील आणि ते मला पाहवणार नाही. पण माझ्या बाबांना फसवणारा माणूस समजून तू आयुष्य काढावेस, हेही मला सहन होत नव्हते, म्हणून दिलेला शब्द मोडून तुला खरे सांगितले. आता माझे एकच मागणे आहे. बर्फ पडायच्या आत ये आणि बस घेऊन जा. बाबा पायरीवर उभे राहून तुला डिवचतील, "काय रे खांबा, शेवटी माझंच दार मोडलंस ना?" तेव्हा त्यांच्यावर चिड. एप्रिलमध्ये चिडला होतास तसाच चिड; लबाड म्हण, खवचट म्हण, अंगणभर ऐकू जाईल असे म्हण. आवाज मऊ करू नकोस, त्यांचा हात हातात घेऊ नकोस, आणि तब्येत कशी आहे असे तर मुळीच विचारू नकोस. तू दयेने एक शब्द जरी बोललास, तरी मी तुला सांगितले हे त्यांना त्या क्षणी कळेल. माझ्याकडे तर तू बघूही नकोस. मी खिडकीत असेन. भांडून, फाटक आपटून, निघून जा.

तुझीच,
लिडिया